सातवी-आठवीच्या वर्गात कालरेषा: इतिहास कळतो की नुसती सनावळी?

तासिका_चौथी
वर्गात कालरेषा लावावी का, यावर मतं हवीत. माझं मत स्पष्ट आहे: लावावी, पण मापात. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच तक्त्यांवर घटना सारख्या अंतरावर छापलेल्या असतात. 1630 ते 1674 ही 44 वर्षं आणि 1674 ते 1680 ही 6 वर्षं तिथे एकाच लांबीची दिसतात. ती कालरेषा नव्हे, यादी झाली.

एका वर्षाला 1 सेंमी धरा. 1600 ते 1820 ला 220 सेंमी लागतात, फळ्याशेजारी आरामात मावतं. बिलाच्या मशीनचा साधा कागदी रोल पुरतो. थर्मल घेऊ नका, उन्हात काळवंडतो. दर 10 सेंमीला खूण, शतकाला लाल रेघ. चिठ्ठ्यांसाठी अप्पा बळवंत चौकातून कार्डशीट आणा.

घोळ होतो तो 1659 ते 1666 मध्ये. अफजलखान (नोव्हेंबर 1659), लाल महालावरचा छापा (एप्रिल 1663), सुरत (जानेवारी 1664), पुरंदरचा तह (जून 1665), आग्र्याहून सुटका (ऑगस्ट 1666), सगळं 7 सेंमीत. पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी तिथे बसत नाही. मग मुलं ती बाजूला सरकवतात आणि सगळं माप बिघडतं. म्हणून पट्टीवर फक्त टाचणी, चिठ्ठी वर किंवा खाली, मध्ये दोरा.

वतनदार_नको
माप, टाचण्या, दोरे ठीक आहेत. माझा आक्षेप त्याच्या आधीचा आहे. कालरेषेवर जे टाचता येतं तेच मुलांना महत्त्वाचं वाटू लागतं: लढाई, तह, जन्म, मृत्यू. देशमुखी वतन, म्हणजे परगण्याच्या वसुलीचा वंशपरंपरागत हक्क, कुठे टाचणार? चौथाईचा, म्हणजे महसुलाच्या चौथ्या हिश्शाचा, हक्क गावातल्या कुणब्यापर्यंत कसा पोचत होता, ते कुठे?

औरंगजेब 1707 ला वारला, बाळाजी विश्वनाथ 1713 ला पेशवे झाले. त्या 6 सेंमीत तुम्ही शाहूंची सुटका, खेडची लढाई, साताऱ्याचा राज्याभिषेक टाचाल. पण ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव खेडला शाहूंच्या बाजूला का गेले, हे कुठली टाचणी सांगणार? "आधी हे घडलं, मग ते घडलं" एवढं सांगता आलं की मुलांना कारण सांगितल्यासारखं वाटतं, आणि परीक्षेत तेच उतरतं. तास 35 मिनिटांचा. त्यातली 20 चिकटवण्यात गेली तर शिकवायचं कधी?

पट्टा_आणि_पट्टी
@वतनदार_नको, आक्षेप खरा आहे, पण तो टाचणीवर आहे, कालरेषेवर नाही. जे अनेक वर्षं चालतं त्याला पट्टा लावा. 1630 ते 1632 चा दख्खनचा भीषण दुष्काळ हा एक तपकिरी पट्टा, बरोबर शिवजन्माच्या खाली. औरंगजेबाची दक्षिण मोहीम, 1681 ते 1707, हा 26 सेंमीचा पट्टा. त्याच्या वर संभाजी महाराज, राजाराम महाराज, ताराबाई अशा तीन कारकिर्दी येतात. राजा पकडला गेला, मारला गेला, तरी लढा थांबला नाही, हे मुलांना न सांगता दिसतं. नुसत्या धड्यातून हे सहसा पोचत नाही.

दुसरी पट्टी खाली समांतर लावा, इंग्रजांची. 1668 ला मुंबई कंपनीकडे, जून 1757 ला प्लासी. वरच्या पट्टीवर जानेवारी 1761 ला पानिपत. दोन्हींत जेमतेम साडेतीन सेंमी! वेगवेगळ्या धड्यांत वाचलेल्या या लढाया मुलांच्या डोक्यात दोन वेगळ्या युगांतल्या असतात.

मोडी_वाचक
मापाइतकीच चूक सनात होते. शकात सरसकट 78 मिळवू नका. शिवजन्म फाल्गुन वद्य 3, शके 1551. 78 मिळवले तर 1629 येतं, आणि टाचणी चुकते. फाल्गुन महिना 1 जानेवारीनंतर येतो, म्हणून तिथे 79 मिळवायचे: 1630. पानिपतचंही तसंच, पौष शुद्ध 8, शके 1682, म्हणजे 1761. पौषात मात्र दर वेळी तारीख बघावी लागते, कारण इंग्रजी वर्ष त्या महिन्याच्या आसपासच बदलतं. जुन्या-नव्या इंग्रजी पंचांगातला 10 दिवसांचा फरक या मापावर पाव मिलिमीटरच्या आसपास आहे, त्यात वेळ घालवू नका.

वतनदार_नको
पट्टे मान्य. समांतर पट्टीही चांगली, ती मी विरोधात धरत नाही. पण उजव्या टोकाला 1818, म्हणजे पेशवाईचा शेवट, लटकत असतो, त्याचं काय? मूल 1758 च्या अटक किल्ल्यापर्यंतच्या मोहिमेकडे बघतं तेव्हाच त्याला शेवट दिसत असतो. मग सगळं अठरावं शतक इंग्रजांची वाट बघत बसल्यासारखं वाटतं. त्या काळच्या माणसांपुढे तो शेवट नव्हता.

तासिका_चौथी
म्हणून तर रोल घ्यायचा, तक्ता नाही. धडा जिथवर आला तिथवरच उलगडा, बाकीचा गुंडाळून क्लिपने अडकवा. 1758 पाशी थांबून विचारा: पुण्यात बसून आता पैसा आणि फौज कुठे लावाल? उत्तरं वहीत घ्या, मगच पुढचे 3 सेंमी सोडा. चिकटवणं तासात करूच नका; चिठ्ठ्या घरून लिहून आणायच्या, वर्गात फक्त जागा ठरवायची, 5 मिनिटं. आणि चाचणीत सन विचारू नका. सन नसलेल्या 5 चिठ्ठ्या द्या, क्रम लावून प्रत्येक जोडीमागचं कारण एका वाक्यात लिहायला सांगा. क्रम बरोबर पण कारण नाही, तर अर्धेच गुण.

वतनदार_नको
हे पटण्यासारखं आहे. मग एक भर घाला: साधनांच्या चिठ्ठ्या, वेगळ्या रंगात. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली, चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. दोन्हींपासून 1659 पर्यंत दोरा ओढा आणि लांबी मोजायला लावा. मग विचारा, अफजलखानाच्या भेटीबद्दल आधी कोणाचं वाचायचं, आणि का. एवढ्यासाठी अख्खा तास द्यायला माझी हरकत नाही. नुसत्या चिठ्ठ्या चिकटवायला अजूनही आहे.