अनुभव धागा : तुमचं बोलणं कुणापुढे अडलं?

काल सोसायटीच्या सभेत मी ओल्या-सुक्या कचऱ्यावर पंधरा मिनिटं बोललो. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "ते सगळं खरं, पण नारळाची करवंटी कुठल्या डब्यात?" मला सांगता आलं नाही. तुमचं असं कुठे अडलं? लिहा.

*

बँकेत होते तेव्हाची गोष्ट. कोळीवाड्यातल्या बचत गटाला कर्जाची माहिती द्यायला गेले. सावकार सोडा, आमच्याकडे व्याज फक्त 12 टक्के, असं सांगितलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक मावशी म्हणाल्या, "तो तिनानं देतो, तू बारानं. मग स्वस्त कोण गो?" त्याचं 'शेकडा तीन' महिन्याचं, म्हणजे वर्षाला 36. माझे 12 वर्षाचे. पत्रकात 'वार्षिक' होतं, पण बारीक टायपात (आणि खरं सांगायचं तर बोलताना मीही तो शब्द गिळला होता). पुढच्या वेळी पत्रक नेलंच नाही. दहा हजारांवर महिन्याला त्याला 300, आम्हाला 100, एवढंच बोलले. मग प्रश्न सुरू झाले आणि ते अवघड होते. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा हप्ता कुठून भरायचा? याचं उत्तर आमच्या साहेबांकडेही नव्हतं.

*

धारावीत टीबीच्या रुग्णांबरोबर काम करायचो. सहा महिने औषध, मध्ये सोडायचं नाही, हे पाठ झालेलं. शिवणकाम करणारा एक मुलगा चौथ्या दिवशी गायब. खोलीवर गेलो तर म्हणाला, लघवीतून रक्त जातंय, गोळ्या फेकून दिल्या. त्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी केशरी-लाल होते. मला माहीत होतं, पण किरकोळ वाटलं म्हणून सांगितलंच नव्हतं. आता पहिलं वाक्य तेच, आणि हिंदीत: "पेशाब का रंग बदलेगा, डरना मत."

*

कान्हेरीला शाळेच्या सहली नेते. मी सातवाहन म्हणायचे, मुलं माकडं बघायची. आता चढून घामाघूम झाली की विचारते, इथे शंभरावर लेणी, एवढे भिक्खू राहायचे, नळ नाही, मग पाणी कुठून? पोरं कातळातल्या पोढ्या (खोदलेली पाण्याची टाकी) शोधत सुटतात. बाईंना मात्र सनावळ्याच हव्या असतात.

*

मी कॉल सेंटरला. अनोळखी माणसाला तासभर शांतपणे समजावतो. बाबांना यूपीआय शिकवताना तिसऱ्या मिनिटाला आवाज चढतो. चालेल का हा अनुभव?

*

धागाकर्ता: पळेल! आणि करवंटीचं कुणाला माहीत असेल तर तेही लिहा, आजी रोज जिन्यात गाठतात.