प्रतिसाद: पीटीला मार्क कशावर द्यायचे

वर विचारलंय की पीटीत जो जोरात पळतो त्यालाच मार्क का. अगदी पटलं! माझ्या मते वर्षाच्या सुरुवातीला बीप टेस्ट घ्यावी, म्हणजे 20 मीटरवरच्या दोन रेषांमध्ये बीपच्या तालावर ये-जा करायची, वेग ताशी 8.5 किमीपासून सुरू होतो आणि साधारण दर मिनिटाला अर्ध्या किमीने वाढत जातो, मग तीच टेस्ट वर्षाअखेरीस पुन्हा घ्यायची आणि मुलाची तुलना फक्त त्याच्याच आधीच्या आकड्याशी करायची. हळू पळणारी पोरंसुद्धा मग मनापासून पळतात हो.

आणि मैदानाबाहेर पण न्या त्यांना, नकाशा-होकायंत्र हातात देऊन वाट शोधायला लावा, तिथे भलतीच मुलं पुढे येतात. बाकी डब्ल्यूएचओ 5 ते 17 वयाला रोज सरासरी किमान 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते, आठवड्याच्या पीटीच्या दोन तासांत ते कसं बसणार?