रूपांतर दराची चाचणी: झेड २.१४ की १.८३?

नौपाडेकर, ठाणे
नमस्कार. आमच्या वहिनी घरूनच सुती साड्या ऑनलाइन विकतात. त्यांच्या संकेतस्थळावरच्या दर १०० भेटींमागे २ ऑर्डर येतात, म्हणजे रूपांतर दर २ टक्के, असा त्यांचा गेल्या वर्षीचा हिशेब आहे. पूर्वी कुरिअरचा खर्च पैसे भरण्याच्या पानावर, अगदी शेवटी दिसत असे. वसुबारसेच्या आधीचे बारा दिवस आम्ही तो साडीच्या किमतीखालीच दाखवला आणि त्या काळात १,६०० भेटींतून ४४ ऑर्डर आल्या, म्हणजे २.७५ टक्के. हा निव्वळ योगायोग आहे का, हे पाहण्यासाठी मी एका प्रमाणाची झेड चाचणी केली (मोजलेला दर एका ठरलेल्या दरापासून किती दूर आहे, हे झेड या आकड्याने सांगणारी). एका रीतीने झेड २.१४ येतो, दुसऱ्या रीतीने १.८३. ५ टक्के सार्थकता पातळीवर (फरक नसताना तो आहे असे चुकून म्हणण्याची मुभा ५ टक्के) दुबाजू, म्हणजे वाढ आणि घट दोन्ही पाहणाऱ्या, चाचणीचा उंबरठा १.९६ असल्यामुळे निष्कर्षच उलटतो. यातली कोणती रीत बरोबर?

सांख्यिकी शिकवणारी, नेरुळ
चाचणीसाठी २.१४ बरोबर. शून्य परिकल्पना म्हणते की खरा दर २ टक्केच आहे; ती खरी मानूनच आपण विचारतो की एवढा फरक नुसत्या योगायोगाने किती वेळा दिसेल. म्हणून स्टँडर्ड एररही (नमुन्यातला दर योगायोगाने साधारण किती हलतो, याचे माप) त्याच २ टक्क्यांवरून काढायची: ०.०२ × ०.९८ = ०.०१९६, त्याला १,६०० ने भागून वर्गमूळ घेतले की ०.००३५. फरक ०.००७५, त्याला ०.००३५ ने भागून झेड २.१४ आणि दुबाजू पी-मूल्य, म्हणजे एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, सुमारे ०.०३२. अपेक्षित ऑर्डर ३२ असल्यामुळे प्रसामान्य वितरणाचा (घंटेच्या आकाराच्या वक्राचा) आधार घेणेही येथे चालते.

तुमचा १.८३ नमुन्यातल्या २.७५ टक्क्यांवरून आला आहे. ती स्टँडर्ड एरर विश्वास मध्यांतरासाठी (खरा दर ज्या पट्ट्यात असावा, त्या पट्ट्यासाठी) वापरतात, आणि तसे केल्यास ९५ टक्क्यांचे मध्यांतर १.९५ ते ३.५५ टक्के येते, म्हणजे २ टक्के त्यात बसतात. याने माझे विद्यार्थी दरवर्षी गोंधळतात. एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये मांडलेले मध्यांतर मात्र चाचणीच्याच सूत्रातून निघते, ते २.०५ ते ३.६७ टक्के येते आणि चाचणीशी जुळते. लहान दरांसाठी मी तेच वापरावे असे सांगते.

डेटावाला, घणसोली
वरचे गणित अचूक आहे, पण मला काळजी वाटते ती गणिताआधीच्या गोष्टींची. एका प्रमाणाच्या चाचणीत २ टक्के हा आकडा पक्का, चूक नसलेला मानलेला असतो. तोही मोजूनच काढलेला आहे ना? समजा तो १,६०० भेटींतल्या ३२ ऑर्डरवरून आला असेल, तर दोन्ही दर मोजलेले धरणारी दोन प्रमाणांची चाचणी लावावी लागेल. मग झेड १.३९ आणि पी-मूल्य ०.१६ च्या आसपास येते, आणि तुमचा पुरावा बराच विरळ होतो.

शिवाय दिवाळीआधीच्या बारा दिवसांत साडी घेणारा ग्राहक तसाही हात सैल सोडतो. कुरिअरच्या ओळीचे श्रेय आणि सणाचे श्रेय या आकड्यांतून वेगळे काढता येणार नाही. तिसरे म्हणजे भेट आणि व्यक्ती एक नव्हे. एखादी बाई सकाळी लोकलमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरची लिंक उघडते, रात्री सासूबाईंना तीच साडी दाखवते आणि दुसऱ्या दिवशी ऑर्डर देते: भेटी तीन, ग्राहक एक. चाचणी मात्र प्रत्येक भेट स्वतंत्र मानते. आणि रोज रात्री पी-मूल्य पाहून मनासारखे आले की मोजणी थांबवली असेल, तर तेही सांगा. समान अंतराने पाच वेळा डोकावल्यास खोट्या इशाऱ्याची (फरक नसताना तो दिसण्याची) शक्यता ५ वरून सुमारे १४ टक्क्यांवर जाते.

नौपाडेकर, ठाणे
दोघांचेही मनापासून आभार. वहिनींची वही काढून पाहिली, तर २ टक्के हा आकडा वर्षाचा नसून एकाच महिन्याच्या मोजणीचा निघाला. आकडे रोज पाहिले हे खरे, पण बारा दिवस आधीच ठरवलेले होते. आता दोन्ही पाने एकाच काळात, प्रत्येक नव्या ग्राहकाला चिठ्ठी टाकल्यासारखे कोणतेही एक, अशी दाखवली तर किती माणसे लागतील?

सांख्यिकी शिकवणारी, नेरुळ
२ आणि २.७५ टक्क्यांतला फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल, तर प्रत्येक पानाला सुमारे ६,५०० व्यक्ती. तुमच्या बारा दिवसांच्या वेगाने आणि प्रत्येक भेट नव्या व्यक्तीची धरली तरी तीन महिन्यांहून अधिक लागतील. सण सरल्यावर त्याहूनही जास्त. संख्या आजच वहीत लिहून ठेवा आणि ती भरेपर्यंत पी-मूल्य काढू नका.