मालिश करणाऱ्यांना घरी बोलावण्याआधी
मालिशने कॅन्सर पसरतो म्हणून कॅन्सरच्या रुग्णासाठी मालिशवाल्या कुणाला घरी बोलावूच नका, असं काही जण सांगतात, ते मला पटलं नाही. हलक्या हाताच्या मालिशने आजार पसरतो याला आधार नाही. खरा धोका वेगळा आहे: आजार हाडांत गेला असेल तर जोराच्या दाबाने हाड मोडू शकतं, प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कमी असतील तर अंगावर काळेनिळे डाग उठतात. आणि एकच पाय सुजून दुखत असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय चोळायचाच नाही, लगेच डॉक्टरांना कळवायचं.

आईच्या कॅन्सरच्या काळात मालिशला येणाऱ्या बाईंनी आल्या आल्या रिपोर्टच मागितले, तिथेच मला भरवसा वाटला. रेडिएशनची जागा सोडून फक्त तळहात-तळपाय, तेही आईला विचारून. वासाच्या तेलांना मात्र आम्ही नाही म्हटलं. केमोनंतर तिला साबणाच्या वासानेही मळमळायचं.