मदत हवी आहे: परसातल्या तळ्यात न सोडलेले मासे, बेडकांची पिल्लं कशी वाचवायची?

पागोळी:
नमस्कार मंडळी. चिपळूणजवळ गावच्या घरामागे चिऱ्यांनी बांधलेलं छोटं तळं आहे. आठ बाय पाच फूट, अडीच फूट खोल. कुमुदिनी आणि थोडं पाणकणीस लावलंय. मासे आम्ही मुद्दामच ठेवलेले नाहीत, कारण तळं बेडकांसाठी आणि चतुरांसाठी राखलंय. दर पावसाळ्यात झाडावरचे बेडूक पाण्याच्या वरच्या दगडांना फेसाची घरटी लावतात. फेस ओला होऊन गळायला लागला की पिल्लं टपटप पाण्यात पडतात. ते बघायला घरातली सगळी मुलं छत्र्या घेऊन उभी असतात.

यंदा पाऊस लागल्यावर पाण्यात मासे दिसले! दोन तऱ्हेचे आहेत. एक बोटाच्या दोन पेरांएवढे, अगदी पाण्याच्या पृष्ठाला चिकटून फिरतात, वरून बघितलं की डोक्यावर चकचकीत रुपेरी ठिपका दिसतो. हे बरेच आहेत. दुसरा एकटाच दिसतो, वीतभर लांब, काळपट, डोकं चपटं, शेपटीला नारिंगी कड. दिवसभर दगडाच्या कपारीत असतो, मध्येच वर येऊन हवेचा घोट घेतो आणि परत आत. आज सकाळी फेसातून पडलेलं पिल्लू त्याने माझ्यासमोर गिळलं.

हे आले कुठून? आणि मुख्य म्हणजे आता काय करू? अजून तीन घरटी लटकताहेत. विष, औषध असलं काही घालायचं नाहीये.

खंड्या:
ताई, दोन प्रश्न. मोठ्या माशाला मिशा आहेत का? आणि तळं भरून वाहतं तेव्हा ते पाणी कुठे जातं?

मिशांचं विचारायचं कारण असं की चार जोड मिशा आणि पाठीवर लांबलचक पर असेल तर तो आफ्रिकन मागूर असू शकतो. त्यावर आपल्याकडे २००० सालापासून बंदी आहे. तसा निघाला तर चुकूनही पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, सोडू नका.

पागोळी:
मिशा नाहीत, आत्ताच बॅटरी मारून बघितलं. जास्तीचं पाणी दगडी पन्हळीतून कुंपणाबाहेर जातं आणि खाली पऱ्ह्याला मिळतं. उतार अगदी थोडा आहे. मोठ्या पावसात सगळी वाट पाण्याखालीच असते.

खंड्या:
मग कोडं सुटलं. तुमचा पाहुणा मरळीच्या कुळातला लहान मासा आहे, आमच्याकडे त्याला डोक म्हणतात. चढणीचे मासे तुम्हाला सांगायला नकोत. पहिल्या पावसात पाण्याविरुद्ध चढत शेतापर्यंत येतात ते. डोक त्यातही पुढचा. कल्ल्यांच्या वर हवा घ्यायची सोय असल्यामुळे ओल्या गवतातून, चिखलातून सरपटत तो या पाण्यातून त्या पाण्यात जातो. तुमची पन्हळ त्याला हमरस्ताच.

आणखी एक सांगतो, कारण मला हा मासा फार आवडतो. याच्यात अंडी नर सांभाळतो, तोंडात धरून. त्याचा गळा फुगलेला दिसला तर थोडे दिवस थांबा, मग पकडा.

मुळारंभ:
रुपेरी ठिपक्याचे ते पिकू. इथलेच आहेत, गप्पी नाहीत. गप्पीच्या डोक्यावर तसा ठिपका नसतो. पण ते चढून आले असतील असं मला वाटत नाही. पिकूची अंडी बारीक धाग्यांनी पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटलेली असतात आणि साधारण दोन आठवड्यांत फुटतात. उन्हाळ्यात कुठून नवीन रोप आणलं होतं का?

पागोळी:
हो! मे महिन्यात मावशीच्या विहिरीतून कुमुदिनीचा गड्डा आणला, मुळांसकट, ओल्या गोणपाटात गुंडाळून. त्या विहिरीत असे मासे आहेत, आता आठवतंय.

सासूबाई मात्र ठामपणे म्हणताहेत की बगळ्याच्या पायाला चिकटून अंडी आली. असं खरंच होतं का?

मुळारंभ:
पायाला चिकटून येण्याचा भक्कम पुरावा माझ्या वाचनात नाही. पण पक्ष्यांचं अगदीच खोटं नाही. २०२० मध्ये हंगेरीतल्या संशोधकांचं काम प्रसिद्ध झालं, त्यात रानबदकांना कार्प जातीच्या माशांची सुमारे ८००० अंडी भरवली होती. त्यातली १८ विष्ठेतून धड बाहेर पडली आणि काहींतून चक्क पिल्लंही निघाली. तेव्हा सासूबाईंचा पक्षी बरोबर, वाट वेगळी. तुमच्या तळ्यापुरतं मात्र मी मावशींच्या विहिरीवरच बोट ठेवेन.

खंड्या:
आता कामाचं. घरटी जिथे लटकताहेत त्यांच्या बरोबर खाली पाण्यात विटा रचून त्यावर रुंद घमेलं ठेवा, काठ पाण्याच्या चार बोटं वर राहील असं. त्यात तळ्याचंच पाणी भरा, नळाचं नको. पिल्लं थेट घमेल्यात पडतील. नुकतं पडलेलं पिल्लू पिकूही सोडत नाहीत, त्यामुळे हे आजच करा.

डोक पकडायला अंधार पडल्यावर गळाला गांडूळ लावा, गळाचा उलटा काटा पक्कडीने चपटा करून घ्या म्हणजे त्याला इजा होणार नाही. बादलीवर झाकण हवंच, तो उडी मारून जातो. खालच्या पऱ्ह्यातच सोडा, तिथलाच आहे तो. मग पन्हळीच्या तोंडाला बारीक जाळी ठोका आणि पालापाचोळा रोज काढा, नाहीतर तुंबून पाणी घराकडे वळेल.

पिकू राहू द्यात असं माझं मत. डासांच्या अळ्या फस्त करतात.

पागोळी:
घमेलं लावलं. दोन घरट्यांखाली नीट बसलं, तिसरं पाणकणसाच्या आड आहे, तिथे जुनी परात टेकवली. डोकचा गळा फुगलेला नाही, रात्री दीर गळ टाकणार आहेत. पिल्लांना घमेल्यात खायला काय घालू?

मुळारंभ:
तळ्यातल्या दगडावरचं शेवाळ खरवडून घाला. शिवाय पालक मऊ उकडून, गार करून, चिमूटभर. उरलेलं संध्याकाळी काढून टाका, नाहीतर पाणी नासतं. जोराचा पाऊस आला तर घमेलं भरून वाहील, तेवढ्यापुरती वर मच्छरदाणीचं कापड बांधा. मागचे पाय फुटले की आत एक तिरका दगड ठेवा, म्हणजे त्यांना चढून बाहेर येता येईल.