पिंपरी-चिंचवडचा विकास आराखडा: गुंठेवाल्यांना दोष देण्याआधी जुन्या आरक्षणांचा हिशेब द्या

मोशीकर

काल इथे एका सदस्याने लिहिलं, "नव्या आराखड्याला विरोध करणारे सगळे गुंठ्या-अर्ध्या गुंठ्यावर बेकायदा घरं बांधलेले आहेत. यांच्या हरकती बाजूला ठेवा आणि आरक्षणं (बाग, शाळा, रस्त्यासाठी राखून ठेवलेल्या जागा) पोलीस बंदोबस्तात ताब्यात घ्या." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मे २०२५ मध्ये प्रारूप आराखडा आला. जुनी हद्द, १९९७ मध्ये आत घेतलेली गावं आणि २०२१ मध्ये विलीन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाचा भाग, सगळ्यांचा मिळून एक नकाशा. याला माझा विरोध नाही. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच सव्वासतरा लाखांच्या वर गेली होती आणि जुन्या हद्दीचा आराखडा १९९५ चा. बदलायलाच हवा होता. पण आधीच्या आराखड्यांतली आरक्षणं वर्षानुवर्षं कागदावर पडून राहिली, आणि त्यावर काहीही न बोलता नवी रंगवली जात आहेत. भांडण इथे आहे.

चिखली, तळवडे, चऱ्होली, मोशी या पट्ट्यात घरं कशी उभी राहिली ते मी लहानपणापासून बघतोय. शेतकऱ्याच्या दोन एकरांवर बागेचं नाहीतर शाळेचं आरक्षण पडतं. बँक कर्ज देत नाही, बिल्डर फिरकत नाही, संपादनाचे पैसे येत नाहीत. मग घरात लग्न निघतं किंवा भावाभावांत वाटणीवरून वाजतं, आणि एजंट दारात येतो. पुढच्या आठवड्यात शेतात चुन्याची फक्की पडलेली असते. तेहेतीस बाय तेहेतीसचे तुकडे, मध्ये आठ फुटांची बोळ. साध्या नोटरीवर आणि कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार. घेणाऱ्याला आरक्षणाचं कोणी सांगत नाही. वीस वर्षांनी नकाशात त्याच घरावर पुन्हा बागेचा हिरवा रंग मारला आणि वर त्यालाच चोर म्हटलं, तर तो रस्त्यावर येणार नाही तर काय करणार?

वाकडवासी

सगळं मान्य केलं तरी एक सांगा, माझ्या मुलाने खेळायचं कुठे? मी मुद्रांक शुल्क भरलं, वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेतला, भोगवटा प्रमाणपत्र बघून फ्लॅट घेतला. पोरं पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून क्रिकेट खेळतात. ज्याने कागद न बघता जागा घेतली त्याचं नियमित करायचं, आणि ज्याने सगळे कागद बघितले त्याच्या वाट्याची बाग जाणार. हा कुठला न्याय? उद्या तुमच्या आठ फुटी बोळात आग लागली तर बंब आत जाणार नाही, तेव्हा कोणाला जबाबदार धरणार?

उदगीरचा पोरगा

ताई, तुमच्या मुलाला बाग मिळायला पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण "कागद न बघता" म्हणू नका. उदगीरकडून आलो तेव्हा तळवड्यात फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये हेल्पर होतो. त्या पगारावर कोणती बँक फ्लॅटला कर्ज देते ते सांगा. गावाकडची बायकोच्या वाट्याची जमीन विकून एक गुंठा घेतला. सातबाऱ्यावर सामाईकात नाव लागतं म्हणाले, ते आजपर्यंत लागलं नाही. एजंटाचा फोन बंद. लाइटचं मीटर मात्र मिळालं, नळजोड मिळाला, घरपट्टी लागली. घरपट्टीवर शास्तीकर, म्हणजे बेकायदा बांधकामाचा दंड, लागला तोसुद्धा २०२३ ला माफ होईपर्यंत छातीवर होता. दंड घेताना घर दिसत होतं ना? मग नकाशा काढताना तिथं मोकळं रान कसं दिसलं?

रेषा आणि रकाने

नगररचनेच्या कामातच माझं वय गेलं, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं खटकेल असं लिहितो.

मोशीकर, "पैसे येत नाहीत" ही अर्धीच गोष्ट आहे. मोकळ्या भागात आरक्षित जागेच्या बदल्यात दुप्पट टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळतो. समावेशक आरक्षणात ठरलेला भाग बांधून हस्तांतरित केला की उरलेली जागा मालकाला वापरता येते. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या, कलम १२७ खाली दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालक सूचना देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. एवढे मार्ग असताना शेत तुकड्यात विकणारा मालक अगदीच निर्दोष नाही.

आणि वाकडवासी, कालच्या सदस्याने लिहिलं तसं बंदोबस्त लावून बाग होत नाही. घर पाडलं तरी त्या गटावर चाळीस-पन्नास जणांचे हक्क शिल्लक राहतात. आराखडा करताना पहिलं काम विद्यमान जमीन वापराच्या नकाशाचं. तो प्रत्यक्ष फिरून झाला की उपग्रहाच्या चित्रावरून, यावर पुढचं सगळं ठरतं. उदगीरच्या भावांचा प्रश्न नेमका तिथे आहे.

मोशीकर

साहेब, टीडीआरला काय लागतं तेही लिहा की. निर्वेध मालकी, मोकळी जागा आणि सातबाऱ्यावरच्या प्रत्येकाची सही. आमच्या भावकीतल्या एका सातबाऱ्यावर आत्या, त्यांच्या मुली, वारलेल्या चुलत्याचे वारस अशी नावांची रांग आहे. एक आत्या सहीला तयार नाही कारण तिला आजोबांच्या वेळची वाटणीच मान्य नाही. टीडीआर मोठ्या बिल्डरला जमतो, कारण तो सह्या गोळा करायला माणसं ठेवतो. कलम १२७ ची नोटीस द्यायलाही वकील लागतो.

आमच्या गावांनी आधी एमआयडीसीला दिलं, मग १९७२ ला प्राधिकरण आलं. १९७२ ते ८३ मध्ये ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना साडेबारा टक्के जमीन परत देण्याचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला. आता पुन्हा "तुम्हीच लबाड" हे ऐकून घेणार नाही.

रेषा आणि रकाने

सह्यांचा मुद्दा खरा आहे. सामाईक खातेदारांसाठी सोपी पद्धत नाही, हे मलाही मान्य करावं लागेल. पण म्हणून आरक्षणच नको, इथवर मी येणार नाही.

थेरगावचं जुनं घर

आमच्याकडे एचसीएमटीआरचं, म्हणजे शहराभोवतीच्या नियोजित रिंगरोडचं, भूत १९९५ च्या आराखड्यापासून आहे. २०१७ मध्ये नोटिसा आल्या तेव्हा थेरगाव, काळेवाडी, पिंपळे गुरवमधली सगळी घरं रस्त्यावर उतरली. माझ्या आईने त्या वर्षी घराला रंग दिला नाही. पाडणार असतील तर कशाला, म्हणाली. तीस मीटर रुंद पट्टा वीस-बावीस वर्षं मोकळा राखायचा नाही, त्यावर घरपट्टी घ्यायची, मग एक दिवस नोटीस. वाकडवासी, तुमची सोसायटी नकाशात उद्या रस्त्यात आली तर "शहराच्या हितासाठी" म्हणून चावी द्याल का?

वाकडवासी

मोबदला बाजारभावाने असेल तर देईन. आणि मला दरवेळी श्रीमंत ठरवू नका. आमच्याकडे २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे. उन्हाळ्यात टँकरसाठी वर्गणी काढावी लागते. इथे लोक आरक्षणावर भांडतायत, पण मला एवढंच विचारायचंय की आराखड्यात आणखी लाखो माणसं धरली आहेत, त्यांना पाणी कुठून देणार? एफएसआय (जागेच्या प्रमाणात किती बांधायचं ती मर्यादा) वाढवला, मेट्रोच्या बाजूला टॉवर चढले, धरण तेवढंच. पाण्याची सोय दाखवल्याशिवाय नवीन बांधकाम परवानगी बंद करा. बागेचं नंतर बघू.

पवनाकाठ

पाण्याचा विषय निघालाच आहे तर मावळातला माणूस म्हणून लिहितो. पवनेचं पाणी नदीत सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्यावरून तुमचं शहर उचलतं. थेट धरणातून बंद जलवाहिनी आणायला विरोध केला म्हणून ९ ऑगस्ट २०११ ला बऊरला पोलिसांचा गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. धरणग्रस्तांचं पुनर्वसन अजून पूर्ण नाही. आमच्या शिवारातून पाणी वाहत जातं आणि तुमच्या विसाव्या मजल्यावर जलतरण तलाव. वर "धरण तेवढंच" म्हणून तक्रार!

वाकडवासी

जलतरण तलाव माझ्या सोसायटीत नाही. जे गेले त्यांच्याबद्दल मनापासून वाईट वाटतं, पण ते माझ्या फ्लॅटमुळे गेले असं बोलणार असाल तर पुढे बोलायचंच नाही. नदीतून वाहताना पाणी वाया जातं, प्रदूषित होतं. बंद पाइपने आलं तर धरणात वाचेल, ते शेतीलाच मिळेल.

पवनाकाठ

वाचलेलं पाणी शेतीला मिळेल हे कोणी लिहून दिलंय? नदीकाठच्या मोटारी नदीत पाणी असतं म्हणून चालतात. पाणी पाइपात गेलं की आमची मोटार काय ओढणार?

मोशीकर

मंडळी, हा स्वतंत्र धागा होईल.

उदगीरचा पोरगा

होऊ द्या दादा, पाणी आमच्याकडेही दिवसाआडच येतं. आंद्रा धरणाचं पाणी चिखलीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आलं तेव्हा वाटलं सुटलो. आमच्या बोळातली लाइन चार इंची आहे आणि शेवटच्या घरापर्यंत दाब येत नाही. भामा-आसखेडची वाट बघतोय.

रेषा आणि रकाने

पाण्याशिवाय परवानगी नको हा वाकडवासींचा मुद्दा नियोजनाच्या अंगाने बरोबर आहे. पण कायदेशीर बांधकाम थांबवलं की माणसं यायची थांबत नाहीत. चाकणला, तळवड्याला काम आहे, ती येणारच. मग राहणार कुठे? अजून गुंठे पडतील. परवडणारी घरं गृहीत न धरता वीस वर्षांचा आराखडा केला तर यापुढेही तेच होईल.

थेरगावचं जुनं घर

आणि नदीपात्राचं काय? चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पाडले. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा. लोकांची आयुष्यभराची कमाई गेली. प्लॉट पाडणारे कुठे आहेत?

वाकडवासी

तिथे पाडलं ते योग्यच केलं. पूररेषेत दयामाया नको. मात्र प्लॉट विकणाऱ्यांवरही गुन्हे दाखल व्हायला हवेत, इतपत मोशीकरांशी सहमत आहे. त्यापुढे नाही.

मोशीकर

पूररेषेबद्दल माझंही दुमत नाही. नदीत घर नको. पण पूररेषा आणि कागदावरची बाग एका मापाने मोजू नका.

आणखी एक. आराखडा आला तेव्हा महापालिकेत मार्च २०२२ पासून प्रशासक होता, नगरसेवक नव्हते. एवढा मोठा आराखडा लोकप्रतिनिधींच्या चर्चेशिवाय आला. मोशीतल्या कत्तलखान्याचं आरक्षण वारकऱ्यांनी आवाज उठवल्यावर पालखीच्या वेळी मुख्यमंत्र्यांनी रद्द करायचं जाहीर केलं. ज्याच्यामागे वारीएवढी माणसं नाहीत त्या उदगीरच्या भावाने कोणाकडे जायचं?

रेषा आणि रकाने

हरकतींच्या सुनावणीला जायचं, समितीपुढे. उदगीरचे भाऊ, नीट वाचा. गट नंबर, आरक्षणाचा क्रमांक आणि नकाशाचा भाग हरकतीत लिहिला होता ना? नसेल तर सुनावणीत पुरवणी अर्ज द्या. सोबत सर्वांत जुनी घरपट्टीची पावती, मीटर बसवल्याची तारीख दिसणारं बिल, आणि मोजणी झाली असेल तर मोजणीचा नकाशा. एकटे जाऊ नका, त्या गटातली सगळी घरं एकत्र करून एकच तक्ता द्या. भावनेवर बोलाल तर दोन मिनिटांत बाहेर काढतील.

उदगीरचा पोरगा

गट नंबर लिहिला होता, आरक्षणाचा क्रमांक नव्हता. नकाशावर तो आकडाच पुसट आहे. आमच्या ओळीत एकतीस घरं आहेत, त्यातली सहा भाड्याने दिलेली, मालक गावाकडे. त्यांच्या सह्या लागतील का?

रेषा आणि रकाने

मालकाचं संमतिपत्र आणलं तर उत्तम. नसेल तर घराचा मिळकत क्रमांक तरी तक्त्यात टाका.

वाकडवासी

तक्ता करताना त्याच गटात मुलांसाठी किती जागा सोडायला तयार आहात तेही लिहा. तसं लिहिलंत तर आमच्या सोसायटीच्या वतीने मी पाठिंब्याचं पत्र देईन. नाहीतर आमची हरकत तुमच्या विरोधात आहे, ती तशीच राहील.

उदगीरचा पोरगा

आमच्या ओळीच्या टोकाला चार गुंठे विकायचे राहिलेत, मालक चऱ्होलीचे आहेत. रविवारी त्यांच्याकडे जाऊन विचारतो.