कळ दाबली की आतडं फिरून येतं म्हणे!

तिकटीवरचा: काल एकानं इथं लिहिलं, ‘सीटी स्कॅनवर मोठं आतडं बघायला शरीरातल्या खुणा आता कशाला? संगणक मधोमध रेघ मारतो, कळ दाबली की गुदद्वारापासनं सीकमपर्यंत, म्हणजे मोठं आतडं सुरू होतं तिथवर, सफर.’ डोकं फिरलं वाचून. अहो, सिग्मॉइड (गुदाशयाआधीचा नागमोडी भाग) फुगलं नाही, भिंतीला भिंत चिकटली, की ती रेघ तुटते. पुढचा तुकडा कुठला हे मग कोण सांगणार? इलिओसीकल व्हॉल्व्ह (लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथली झडप), अपेंडिक्सचं तोंड, यकृताजवळचं वळण, प्लीहेजवळचं वळण, हेच की! आणि पेशंटचा स्कॅन उताणा, मग पालथा असा दोनदा होतो. ट्रान्सव्हर्स (मधला आडवा भाग) नि सिग्मॉइड मोकळे लोंबतात, कूस बदलली की सरकतात. उताण्यातला ७ मिमीचा पॉलिप (आतल्या भिंतीवरचा कोंब) पालथ्यातला तोच का, हे ठरवायला टीनियाची, म्हणजे आतड्यावरच्या लांब स्नायूची, पट्टी धरावी लागते.

रेघवाला: पोस्ट माझीच. १९९४ ला व्हायनिंग नावाच्या रेडिओलॉजिस्टनं सीटीतनं आतडं बघायचा हा प्रकार मांडला, तुम्ही अजून तिथंच. रेघेवरचं अंतर मोजा, विषय संपला. तुमच्या खुणा तरी कुठं जागेवर असतात? सीकम कधी यकृताखाली सापडतं. व्हॉल्व्हच्या फुगीर ओठाला पॉलिप ठरवलेला रिपोर्ट मी स्वतः बघितलाय.

तिकटीवरचा: आतडं आखडतं, ताणतं, अंतर कसलं घेऊन बसलाय? पाव्हण्याला पत्ता ‘स्टँडपासनं अमुक मीटर’ असा सांगता, का मिरजकर तिकटीवरनं वळा म्हणता?

पेठेतली: तुमची वळणं ऱ्हाऊ द्यात. माझ्या आईनं पोट साफ करायचं औषध घेतलं, रात्रभर फेऱ्या. स्कॅन झाल्यावर म्हणे पॉलिप आहे, दुर्बिणीनं काढा. आठवड्यानं परत तेच औषध, परत तेच जागरण! सीटीत नुसतं दिसतं, काढता येत नाही, हे आधी सांगायला तोंड झिजत होतं काय?

रेघवाला: त्याच दिवशी दुर्बीण केली असती तर एकदाच भागलं असतं.

पेठेतली: वेळ द्यायला तुम्ही बसला होता काय तिथं? तोवर आईनं दोनदा रस्सा भुरकला.

गंगावेशकर: स्कॅनच्या आदल्या दिवशी पांढरा रस्सा चालतो? वडील त्यावरच अडलेत.

तिकटीवरचा: नाही. खोबऱ्याचं दूध, खसखस, तीळ. पातळ दिसतो, म्हणून पाणी झाला काय?

पेठेतली: आमच्या आईला कुणी एवढं बी सांगितलं नव्हतं.

रेघवाला: बरं. सिग्मॉइड बसलं असेल तिथं तुमच्या खुणा. तेवढ्यापुरत्याच! बाकी रेघ.

तिकटीवरचा: उपकार झाले.

गंगावेशकर: आणि मटणाचं अळणी, गाळून?